लेकीचे स्वेटर कुणी विणले

माझ्या बायकोला विणता येत नव्हतं. आमच्या लेकीच्या अंगावर पहिल्या दोन वर्षांत जे काही लोकरीचं चढलं, टोपडी, मोजे, बंड्या, स्वेटर, ते सगळं मी विणलेलं होतं. गावाला मात्र ते बायकोचं काम वाटायचं. वाटायचं म्हणजे मीच तसं सांगितलं होतं.

त्या वेळी मी केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका गावात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लग्नाला वर्षच झालं होतं. चावडीमागं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं होतं, आणि रस्त्याच्या बाजूला असलेली त्याची एकुलती एक खिडकी मी कायम लावून ठेवायचो.

विणायला मी दवाखान्यात शिकलो. मॅट्रिक झाल्यावर मला छातीचा आजार झाला आणि नऊ महिने क्षयाच्या वॉर्डात काढावे लागले. तिथं एक मल्याळी सिस्टर होती. तिची मराठी तोडकीमोडकी, पण धाक मोठा. दिवसभर छताकडं बघत पडलेल्या माणसांचा तिला भारी राग यायचा. "हात रिकामा तर डोकं बिमार," असं म्हणून तिनं आम्हा आठ जणांना विणायला बसवलं. सुया बाजारातून कोण आणणार? सायकलच्या चाकातल्या तारा घेऊन आम्ही त्यांची टोकं फरशीवर घासून गुळगुळीत केली. आमच्यात एक पैलवान होता, एक हवालदार होता, एक कीर्तनकार होता. दुपारी सगळे भिंतीला टेकून सुलट-उलट करत बसायचे आणि कुणाचा टाका गळला की बाकीचे त्याची टर उडवायचे. बाईचं काम करतोय असं तिथं कुणाच्या मनातही आलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर मात्र मी त्या सुया ट्रंकेत तळाशी टाकल्या. विणायला येतं म्हटलं की कुठं शिकला हे विचारणार, आणि टीबी झालता म्हटलं की लोक पेला वेगळा ठेवणार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी बायकोला आजाराचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आता बरे हाव ना?" मी हो म्हणालो. "मग झालं," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आजारामुळं मी विणणं लपवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आमच्या चेअरमनच्या हसण्याशी जोडलेलं होतं.

चेअरमन म्हणजे गावातली मोठी असामी. पन्नास-साठ एकर रान, तालुक्यापर्यंत वजन. वाईट माणूस नव्हता. दुष्काळात गावाला काम मिळावं म्हणून त्यानं किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. पण सोसायटीच्या ओट्यावर बसला की त्याला कुणीतरी टिंगलीला लागायचं. शाळेतल्या एका मास्तरची बायको गरोदर होती, म्हणून मास्तर स्वतः आडावरून पाणी भरायचा. एकदा तो घागर घेऊन समोरून चालला, तेव्हा चेअरमन ओरडला, "या मास्तरीणबाई! हळदीकुंकवाला कवा येता?" सगळा ओटा हसला. मीही हसलो. मास्तरची पुढच्या वर्षी बदली झाली, तरी गावात त्याचं नाव 'मास्तरीणबाई'च राहिलं.

लेक मार्गशीर्षात झाली. त्या वर्षी थंडी कडक होती. बायकोनं जुन्या लुगड्याची दुपटी केली होती, पण पहाटे पोर गार पडायचं. मी ट्रंक उघडली, दवाखान्यातला माझा राखी स्वेटर काढला, तो उसवला आणि त्या लोकरीचं टोपडं आणि बंडी विणली. बायको आधी तोंडाला पदर लावून हसली. मग पोरीच्या अंगावर बंडी चढवून तिनं तिला दिव्याजवळ धरलं आणि हसायची थांबली. "लई गोड दिसायली," म्हणाली.

पण पोरगी वाढायला लागली, आणि अशी वाढायला लागली की माझे हात पुरेनात. आज बरोबर बसलेली बंडी पुढच्या महिन्यात बेंबीच्या वर. बाही मनगटापर्यंत विणली की ती कोपराकडं सरकलेली. नवी लोकर आणायची तर बीडला किंवा अंबाजोगाईला जायला हवं, आणि त्या साली पाऊस गेला होता, दुसऱ्या साली तर पेरलेलं उगवलंच नाही. मग मी युक्ती काढली. स्वेटर पुरा न उसवता फक्त खालची पट्टी उसवायची, टाके सुईवर उचलायचे आणि मिळेल त्या रंगाच्या लोकरीनं खाली वाढवत न्यायचं. बाह्यांचंही तसंच. त्यामुळं पोरीच्या अंगावर पट्ट्याच पट्ट्या झाल्या. राखीखाली लाल, लालखाली पिवळा, पिवळ्याखाली माझ्या मफलरीतला हिरवा. बाया म्हणायच्या, असली डिझाईन आमी कुठं बघितली न्हाई. डिझाईन कसली, पोरगी किती वाढली त्याच्या त्या खुणा होत्या.

आजूबाजूची पोरं सुकत चालली असताना आमची कशी वाढते, असंही कुणीकुणी बोलायचं. मला पगार होता, म्हणून. आणि बायको आपल्या ताटातलं तिला घालायची, म्हणून. हे दुसरं माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मी दुपारी जेवायला घरी यायचो तेव्हा दार लावून अर्धा तास विणायचो. रविवारी जास्त. पोरगी माझ्या पायाशी बसून लोकरीचा गुंडा ओढायची. तिला बोलायला यायला लागल्यावर पहिल्या पाच-सहा शब्दांत एक 'विन' होता. सुई दिसली की ती उचलायची, माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "बाबा, विन."

पहिलं खोटं मी ती वर्षाची असताना बोललो. बायको तिला कडेवर घेऊन मिलो न्यायला सोसायटीत आली होती. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी तेव्हा सोसायटीमार्फत वाटली जायची. चेअरमननं पोरीचा पट्ट्यांचा स्वेटर चिमटीत धरून बघितला.

"सेक्रेटरी, ह्यो कुठून आणला हो?"

"घरीच विणलाय."

"कुणी?"

त्याच्या डोळ्यांत टिंगल नव्हती, नुसतं कौतुक होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं घागर घेतलेला मास्तर आला. मी बायकोकडं बोट केलं. "हिनं. आमच्या मंडळीनं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "असंच आपलं. येळ जात न्हाई म्हणून."

घरी आल्यावर ती त्यावर खो खो हसली. "उद्या कुणी शिकव म्हनलं तर काय करू?" म्हणाली. मी म्हणालो, "कोण म्हणतंय?"

पण बाया यायला लागल्या. कुणाला टोपडं हवं, कुणाला मोजे. शेजारची बाई आली. ती दरवर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर जायची, उसाच्या फडात. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून खडी फोडायला जात होती. तिचं पोरगं आमच्या लेकीहून चार महिन्यांनी मोठं, पण दिसायला निम्मं. तिनं उसवलेल्या लोकरीचा एक गुंडा आणला होता. बायकोनं वितीनं पोराचं माप घेतलं, मला सांगितलं आणि मी टोपडं विणून दिलं. पोराच्या डोक्यावर ते टोपडं बघून मला जो आनंद व्हायचा तो चोरटा होता. शेजारीण बायकोला म्हणायची, "वैनी, तुमच्या हातात देव हाय." बायको हात पदराखाली घ्यायची.

दुष्काळाचं तिसरं वर्ष लागलं. गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि रस्त्याला खडी फोडायचं चालू होतं. अंगावर पिणारी पोरं घेऊन बाया दिवसभर उन्हात बसायच्या. चेअरमनला कुणीतरी बीडमध्ये सांगितलं की बायांची विणकामाची सहकारी संस्था काढली तर वसतिगृहातल्या पोरांचे स्वेटर विणायचं काम मिळेल, लोकर आणि सुया जिल्ह्यातून येतील. ओल्या बाळंतिणींना सावलीत बसून काम होईल. कल्पना चांगलीच होती. सोसायटीच्या बैठकीत त्यानं ती मांडली आणि शेवटी म्हणाला, "शिकवायला बाहेरून माणूस आनायची गरज न्हाई. आपल्या सेक्रेटरीची मंडळी हाय की! काय सेक्रेटरी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. तिची तब्येत बरी नाही, पोर लहान आहे, काहीही. खरं सांगणं तर दूरच. मी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सांगितलं तेव्हा बायको लेकीला भरवत होती. तिचा हात थांबला.

"तुमी हो म्हनलात?"

"आठ दिवस आहेत अजून. मी शिकवतो तुला. अवघड नाही."

"आन् जमलं न्हाई तर?"

"जमेल."

ती डावखुरी होती. लहानपणी तिच्या आईनं मारून-मुटकून तिला उजव्या हातानं जेवायला लावलं होतं, बाकी सगळी कामं ती डाव्यानंच करायची. ते मला ठाऊक होतं, पण शिकवायला बसेपर्यंत त्याचा विणकामाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिच्या शेजारी बसून दाखवायचो. ती बघायची, मान डोलवायची, आणि सुया हातात घेतल्या की सगळं उलटं व्हायचं. उजव्या हातात धर म्हटलं तर तिची बोटं लाकडासारखी व्हायची. टाके घालायला ती दोन दिवसांत शिकली. पहिली ओळ विणताना मात्र टाके एकामागून एक सुईवरून घसरायचे.

पाचव्या दुपारी मी तिच्यावर ओरडलो. "लहान पोरीला सांगितलं असतं तर एव्हाना आलं असतं!" आणि माझ्या हातातली सुई मी तिच्या बोटांवर मारली. सायकलच्या तारेची सुई ती. बोटाच्या पेरावर पांढरी रेघ उठली, मग ती लाल झाली. तिनं हात मागं घेतला नाही. त्या रेघेकडं बघत राहिली आणि मग पुन्हा टाके घालायला लागली. मी त्याआधी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. नंतरही नाही. पण एकदा उचलला होता, आणि तो माझं खोटं तिला नीट निभावता येईना म्हणून.

उद्घाटन दसऱ्यानंतर, शाळेच्या व्हरांड्यात झालं. खडीवरच्या पंचवीसेक बाया त्या दिवशी कामाला न जाता आल्या होत्या. हातपाय धुऊन, डोईवर पदर घेऊन, पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. चष्मा लावलेल्या, साध्या, कामाला वाघीण. टेबलावर लोकरीच्या लड्या होत्या. एकीनं लड्यांना हात लावून बघितला, तर तिच्या भेगाळलेल्या बोटांना लोकर अडकली आणि सगळ्या हसल्या. बायकोला खुर्चीवर बसवलं होतं. लग्नातलं लुगडं नेसली होती. लेक तिच्या मांडीवर होती, अंगात पाच पट्ट्यांचा स्वेटर. मी भिंतीशी हारांचं ताट धरून उभा होतो.

भाषणं झाली. अधिकारी बाईंनी लेकीला जवळ घेतलं, स्वेटर आतून-बाहेरून बघितला. "फार सफाई आहे हो हाताला," त्या बायकोला म्हणाल्या. "वाढवलेली पट्टी कळतसुद्धा नाही. आता यांना सुरुवात करून दाखवा. टाके घाला आणि दोन ओळी विणा. बघू द्या सगळ्यांना."

बायकोनं सुया घेतल्या. टाके घातले, वीस. ते बरोबर होते. मग तिनं सुई उजव्या हातात धरली आणि पहिला टाका विणला. दुसरा. तिसरा निसटला. तो धरायला गेली तर आणखी चार खाली आले. कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं सगळं ओढून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सुई खालीच पडली. व्हरांड्यात हसू पसरत गेलं.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला विणता येत नाही का?"

बायकोनं हातातली सुई मांडीवर ठेवली.

"मग हे स्वेटर कुणी विणलेत?"

मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघणार. पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, "माहेरून येतेत. मी खोटं बोलले."

तेवढ्यात लेक अधिकारी बाईंच्या जवळून सुटली. तिनं खाली पडलेली सुई उचलली, लोकरीचा धागा मागं ओढत सरळ माझ्याकडं चालत आली आणि सुई वर करून म्हणाली, "बाबा, विन."

सगळा व्हरांडा हसला. चेअरमन तर मांडीवर थाप मारून हसला. "घ्या सेक्रेटरी! तुमीच करा सुरू!"

लेक हसली नाही. ती हात वर करून वाट बघत होती. दुपारी घरी मी सुई घ्यायचो, मांडी घालून बसायचो, तसा मी बसेन असं तिला वाटत होतं. मी खाली वाकलो, तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. "जा, आईकडं जा," म्हणालो. लोकांबरोबर थोडं हसलोसुद्धा.

आम्ही घरी आलो. बायकोनं लुगडं बदललं, चूल पेटवली, मिलोचं पीठ मळायला घेतलं. मी म्हणालो, "मी सांगायला हवं होतं."

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. पोरगी सुई घेऊन आलती तुमच्याकडं. तिला तरी न्हाई म्हनायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेअरमनच्या घरी गेलतो. रस्ताभर वाक्य घोळवत होतो. तो ओसरीवर दात घासत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "स्वेटर मी विणलेत. बायकोनं नाही, माहेरूनही नाही. मला विणता येतं."

त्यानं चूळ भरली, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागला. पण हे हसणं वेगळं होतं. त्यात माया होती. "सेक्रेटरी," तो म्हणाला, "बायकोची इज्जत झाकायला एवढं खोटं? माणूस चांगला हाव तुमी. जाऊ द्या, बाया चार दिवस बोलतील, इसरतील." आणि आत बघून ओरडला, "सेक्रेटरीला चहा टाका!"

त्याच ओसरीच्या कोनाड्यात जिल्ह्यातून आलेल्या सुयांचा गठ्ठा आणि लड्या ठेवलेल्या होत्या. हात लांब केला असता तर पोचला असता. दोन ओळी विणायला मला किती वेळ लागला असता? चहा उकळायच्या आत झालं असतं. मी तो चहा प्यालो आणि परत आलो. सांगून बघितलं, त्यानं ऐकलं नाही, असं स्वतःला समजावत आलो.

बाया चार दिवसांत विसरल्या नाहीत. आडावर, सोसायटीच्या रांगेत बायकोला 'लबाड मास्तरीण' म्हणायला लागल्या. दिवाळीत तिचा भाऊ आला तर कुणीतरी त्याला विचारलं, तुमच्याकडं विणतंय कोण? तो बिचारा म्हणाला, आमच्यात कुणालाच येत न्हाई. मग तिचं दुसरं खोटंही उघडं पडलं, आणि तेही माझंच होतं. मी सुया ट्रंकेत टाकल्या. लेक दुपारी माझ्या मांडीवर बसून माझे रिकामे हात उलटेपालटे करून बघायची.

संस्था चालू झाली. शिकवायला आठवड्यातून दोनदा केजहून एक बाई यायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात बायको लेकीला घेऊन तिकडं निघाली. मी म्हणालो, "तू कशाला जातेस? हसतील परत."

"हसू द्या. थंडी आलीया. पोरीचा स्वेटर वर गेलाय."

ती सगळ्यांच्या मागं जाऊन बसली. तिथं काय झालं ते मला नंतर तिनंच सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंनाही तिला शिकवणं जमेना. तेव्हा शेजारची ती खडी फोडणारी बाई उठली आणि तिच्यासमोर येऊन, गुडघ्याला गुडघा लावून बसली. म्हणाली, "वैनी, तुमी डाव्या हाताच्या ना? मग शेजारी बसून काय कळंल? समोरून बगा. आरशात बगितल्यावानी करा." आणि पंधरा दिवसांपूर्वी सुई हातात घेतलेल्या त्या बाईनं माझ्या बायकोला एका दुपारीत विणायला शिकवलं. मी आठ दिवस शेजारी बसून ओरडत होतो. समोर बसावं, हे मला सुचलं नव्हतं.

तिचा पहिला स्वेटर हिरवा होता. टाके इतके घट्ट की गळ्यातून लेकीचं डोकं जाईना. पोरगी आत अडकून भोकाड पसरायला लागली, शेजारीण आणि बायको दोघी पोट धरून हसल्या. मी म्हणालो, "दे, मी गळा उसवून देतो."

"नको," ती म्हणाली. "मीच उसवते."

ती उसवून पुन्हा विणेपर्यंत लेक आणखी वाढली आणि तो स्वेटर आखूड झाला. मग तिनं पुरा उसवला आणि दोन मापं मोठा विणला. बाह्या दुमडून लेकीनं तो दोन हिवाळे घातला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पडलं. वर्षभरात माझी बदली माजलगावकडं, दिंद्रुडला झाली. निघताना संस्थेतल्या बाया बायकोला भेटायला आल्या, तिची ओटी भरली, 'लबाड मास्तरीण' म्हणून तिला हसवलं आणि रडल्याही. दिंद्रुडला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. तिथं उघड्या दारात बसून विणायला मला कुणाची आडकाठी नव्हती. मी बसलो नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

लेकीचं लग्न मांजरसुंब्याजवळच्या गावात झालं. नातू दीड वर्षाचा असताना आम्ही तिकडं गेलतो. दिवाळी झाली होती. व्याही, त्यांचे दोन भाऊ, मी, सगळे बैठकीत बसलो होतो. विहीणबाई नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्या अंगाला काय कपडे पुरत न्हाईत बगा. दर महिन्याला वाढतंय पोरगं."

बायको दारात उभी होती. सहज म्हणाली, "ह्यांना सांगा की. आमचे हे लई छान विणतेत. लेकीचे समदे ह्यांनीच विणले."

बैठकीत तीन पुरुष माणसं, आणि मी खाली सतरंजीकडं बघायला लागलो. इतकी वर्षं झाली होती, चेअरमन वारला होता, मी रिटायर व्हायला आलो होतो, तरी माझ्या तोंडात 'छे, छे' तयार होतं. ते गिळायला मला वेळ लागला. मग म्हणालो, "हो. मीच विणायचो."

व्याही म्हणाले, "असं का? बरं हाय की." आणि थोरल्या भावाला विचारलं, "त्या मोटरीचं काय झालं रे?" त्यांचं मोटरीवर बोलणं सुरू झालं. कुणी हसलं नाही. कुणी दुसऱ्यांदा माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एवढ्याला मी भ्यायलो होतो. आणि एवढ्यासाठी तिला त्या व्हरांड्यात बसवलं होतं. मी मान वर करून दाराकडं बघितलं तर बायको आत गेली होती.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मांजरसुंब्याचा घाट उतरून गाडी बीडच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी विचारलं, "आज कशाला सांगितलंस?"

तिनं पदर कानावरून ओढून घेतला. "पोराचं माप घेतलंय मी," म्हणाली. "बीडला उतरून लोकर घ्या. मोठाच विणा, लवकर वाढतंय ते."